सरकार एका आवारात आणायचं म्हणजे काय काय करावं लागतं?

एका वारसनोंदीसाठी माझी आत्या एक अख्खा उन्हाळा हेलपाटे घालत होती. तलाठ्याचा सज्जा गावात, तहसील तालुक्याच्या जुन्या दगडी इमारतीत, भूमी अभिलेखचं कार्यालय बाजारपेठेत भाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर आणि दुय्यम निबंधक एसटी स्टँडच्या पलीकडे. काम एकच होतं, पण कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न्यायला दर वेळी रिक्षा करावी लागायची. त्या दुसऱ्या मजल्याला लिफ्ट नव्हती आणि आत्याचे गुडघे तेव्हाच दुखायला लागले होते. "ही सगळी हापिसं एका जागी का नसतात रे?" असं तिने मला विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे या विषयाचं वाचत गेलो तसं लक्षात आलं, की हा प्रश्न तालुक्याला पडतो तसा देशाच्या राजधानीलाही पडतो. दिल्लीत त्याचं उत्तर सध्या विटा-सिमेंटात उभं राहतंय, त्यामुळे तिथलंच उदाहरण घेऊन हे समजून घेऊ.

मुळात कार्यालयं विखुरतात कशी? कुणी ठरवून विखुरत नाही. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा १९११ साली झाली आणि नव्या दिल्लीचं उद्घाटन १९३१ मध्ये. हर्बर्ट बेकर यांनी रायसीना टेकडीवर नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक बांधले, ते त्या काळच्या साम्राज्याच्या कारभाराला पुरतील असे. दुसऱ्या महायुद्धात कामं वाढली तेव्हा आजूबाजूला तात्पुरत्या बैठ्या बराकी उभ्या राहिल्या. स्वातंत्र्यानंतर सरकारच्या कामाचा पसाराच बदलला. शेती, उद्योग, घरबांधणी, शिक्षण अशी खाती वाढत गेली, आणि १९५० ते १९७० च्या दशकांत कृषी भवन, उद्योग भवन, निर्माण भवन, शास्त्री भवन अशा इमारती झाल्या. त्याही अपुऱ्या पडल्यावर उरलेल्यांनी शहरात मिळेल तिथे भाड्याची जागा घेतली. नवं खातं निघालं की त्याला जागा लागते, ती लगेच लागते, आणि लगेच मिळते ती भाड्याचीच. असं पन्नास-साठ वर्षं चाललं की एका सरकारचे अनेक पत्ते होतात. पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलेल्या आकड्याप्रमाणे दिल्लीतल्या केंद्रीय मंत्रालयांच्या भाड्यापोटी वर्षाला सुमारे १,५०० कोटी रुपये जात होते.

भाडं निदान हिशेबाच्या वहीत दिसतं, बाकीचा खर्च कुठेच लिहिलेला नसतो. दोन खात्यांची अर्ध्या तासाची बैठक, पण जाण्यायेण्यात दोन तास. प्रत्येक इमारतीला वेगळे पहारेकरी, वेगळा जनरेटर, वेगळं टपाल, वेगळी कँटीन. आणि लांबून आलेल्या माणसाने ऐकायचं, की साहेब दुसऱ्या बिल्डिंगला मीटिंगला गेलेत.

दिल्लीची योजना अशी: राष्ट्रपती भवन ते इंडिया गेट या साधारण तीन किलोमीटरच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना केंद्रीय सचिवालयाच्या दहा इमारती बांधायच्या आणि ५१ मंत्रालयं तिथे आणायची. सेंट्रल व्हिस्टा या मोठ्या प्रकल्पाचा हा एक भाग. आराखड्याचं काम २०१९ मध्ये अहमदाबादच्या एचसीपी डिझाइन या संस्थेकडे, म्हणजे वास्तुरचनाकार बिमल पटेल यांच्याकडे गेलं. इंडिया गेटची उंची ४२ मीटर आहे. नव्या इमारती त्यापेक्षा उंच होऊ द्यायच्या नाहीत हे आधीच ठरलं होतं. यातली कर्तव्य भवन-३ ही पहिली इमारत ६ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाली. गृह, परराष्ट्र, ग्रामविकास, सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग, पेट्रोलियम अशी खाती आणि कार्मिक विभाग तिथे बसवायचं ठरलं. दोन तळघरं, वर सात मजले, बांधकाम सुमारे दीड लाख चौरस मीटर.

आधी मोजणी

दीड लाख चौरस मीटर हा आकडा येतो कुठून? नकाशाच्या आधी एक कंटाळवाणं काम असतं आणि माझ्या मते सगळ्या प्रकल्पाचं भवितव्य तिथेच ठरतं. कुठल्या खात्यात किती माणसं, कोणत्या हुद्द्याची, रोज बाहेरचे किती लोक येतात, जुन्या नस्त्यांची म्हणजे फायलींची कपाटं किती, कुणाला कुणाच्या जवळ बसायला हवं, हे सगळं मोजायचं.

एक सोपा हिशेब करून बघू. इमारतींच्या राष्ट्रीय संहितेत कार्यालयासाठी, आगीच्या वेळी किती माणसं बाहेर काढावी लागतील याचा अंदाज बांधायला, माणशी १० चौरस मीटर धरतात. समजा तुमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी १,००० कर्मचाऱ्यांची कार्यालयं एकत्र आणायची आहेत. याच मापाने पहिला अंदाज १०,००० चौरस मीटरचा निघाला. यात जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहं, व्हरांडे, विजेच्या खोल्या सगळं आलं. प्रत्यक्ष टेबलं मांडायला त्यातला निम्मा ते दोन तृतीयांश भाग उरतो. गाड्यांची जागा वेगळी. अभिलेख कक्ष वेगळा, आणि तो कुठेही ठेवून चालत नाही, कारण गठ्ठ्यांचं वजन प्रचंड असतं आणि त्या खोलीखालचा स्लॅब मुद्दाम जाड करावा लागतो. हे आधी सांगितलं नाही तर पुढे रेकॉर्ड रूम वरच्या मजल्यावर जाते आणि इंजिनिअर डोक्याला हात लावतो.

मोजणीत दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. आजची माणसं मोजून बांधलं तर दहा वर्षांत पुन्हा भाड्याची जागा शोधावी लागते. मंजूर पदं मोजून बांधलं तर निम्मी पदं रिक्त असलेल्या खात्यांचे मजले ओस पडतात. यावर चांगला उपाय म्हणजे प्रत्येक खात्याला स्वतःचं सगळं देण्याऐवजी काही गोष्टी सामाईक ठेवायच्या. कर्तव्य भवन-३ मध्ये २४ मोठी आणि २६ लहान सभागृहं आणि त्यांच्याशिवाय बैठकीच्या ६७ छोट्या खोल्या आहेत. स्वतंत्र इमारतीतल्या खात्याला महिन्यातून चारदा लागणारं सभागृहही स्वतःचं बांधावं लागतं, उरलेले दिवस ते कुलूपबंद. एकाच आवारात दोघे-तिघे मिळून ते वापरू शकतात. एकत्र येण्याचा खरा आर्थिक फायदा भाडं वाचण्याइतकाच इथे आहे.

शहराच्या मध्यात की बाहेर?

इथे दोन विचार आहेत आणि दोन्हींची उदाहरणं आपल्याला माहिती आहेत.

एक म्हणजे मुंबईचा. १९६०च्या दशकाच्या मध्यावर चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. मुंबईच्या दक्षिण टोकावर सगळ्या नोकऱ्या दाटल्या आहेत, त्या पूर्वेकडे नेल्या तरच हे शहर श्वास घेईल, हा त्यांचा मुद्दा होता. सरकारी कार्यालयांनी आधी तिकडे जावं, मग बाकीचे मागून येतील, अशी त्यांची अपेक्षा होती. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, पुढे बेलापूरला कोकण भवन झालं, विभागीय पातळीवरची कार्यालयं तिथे गेली. मंत्रालय मात्र हललं नाही. उलट त्याच काळात त्याच्या शेजारी समुद्रात भराव घालून नरिमन पॉइंट उभा राहिला. गर्दी ओसरायची ती आणखी दाटली. गडचिरोलीहून ९०० किलोमीटरहून जास्त प्रवास करून आलेला माणूस आजही चर्चगेट किंवा सीएसएमटीला उतरून पासच्या रांगेत उभा राहतो.

दुसरा विचार दिल्लीचा. तिथे मध्यातच राहायचं ठरलं. जागा सरकारची होती, केंद्रीय सचिवालय हे मेट्रोच्या दोन मार्गांचं मोठं स्थानक आधीपासून तिथे होतं, आणि संसदही तिथेच. कार्यालयांना मध्यवर्ती जागा देण्याच्या बाजूने सगळ्यात भक्कम कारण हेच असतं: तिथे बस, लोकल, मेट्रो आधीच पोचलेली असते. गावाबाहेर वीस एकरांत देखणी इमारत बांधली आणि तिथे जायला दिवसाला सहाच बस असल्या, तर सरकारचं भाडं वाचतं आणि लोकांचं रिक्षाभाडं वाढतं. आपल्याकडच्या बऱ्याच नव्या प्रशासकीय इमारती बायपासला गेल्या आहेत आणि मला ते अजिबात पटत नाही. जमीन स्वस्त मिळाली, नकाशा ऐसपैस झाला, पण ज्याच्याकडे दुचाकी नाही त्याचा विचार राहून गेला.

मध्यातल्या जागेची किंमतही असते. ती जागा कधीच रिकामी नसते, तिच्यावर कुणाचा ना कुणाचा हक्क असतो. दिल्लीत जवळपास ८६ एकर जमिनीचा वापर बदलावा लागला, म्हणजे नगररचनेच्या नकाशात जे मोकळी जागा, सार्वजनिक सोयी वगैरे म्हणून रंगवलं होतं त्यातलं बरंचसं सरकारी कार्यालयांच्या रंगात आलं. याला लोकांनी आव्हान दिलं. लोकांच्या हरकती नीट ऐकल्या का, वारसा जतन (हेरिटेज) समितीची मंजुरी आधी घेतली का, असे प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेले. ५ जानेवारी २०२१ रोजी दोन विरुद्ध एक असा निकाल लागला. न्यायमूर्ती अजय खानविलकर आणि दिनेश माहेश्वरी यांनी प्रकल्पाला हिरवा कंदील दिला. न्यायमूर्ती संजीव खन्ना यांनी जमीनवापर बदलताना लोकांना पुरेशी माहिती आणि सुनावणी मिळाली नाही असं वेगळं मत लिहिलं. प्रकल्प पुढे गेला, तरी हे वेगळं मत वाचण्यासारखं आहे. आपल्या गावात मोक्याच्या जागेवर प्रशासकीय इमारत येते तेव्हा हरकती मागवणारी जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात येते. ती वाचायची सवय असलेली दोन माणसं तरी गावात हवीत.

आधी कुणी हलायचं?

आता सगळ्यात अवघड भाग. लहानपणी सरकत्या चौकटींचं एक कोडं मिळायचं. सोळा घरं, पंधरा सोंगट्या, एक घर मोकळं. त्या एका मोकळ्या घराच्या जोरावर सगळ्या सोंगट्या जागच्या जागी आणायच्या. मध्यवस्तीत सरकारी संकुल बांधणं म्हणजे हेच कोडं, फक्त प्रत्येक सोंगटीवर हजारभर माणसं बसलेली आणि रोजचं कामकाज एक दिवसही थांबवायचं नाही.

दिल्लीत मोकळं घर तयार करण्यापासून सुरुवात झाली. महायुद्धाच्या काळातल्या त्या बराकींत संरक्षण खात्याची कार्यालयं होती. त्यांच्यासाठी कस्तुरबा गांधी मार्ग आणि आफ्रिका अव्हेन्यू इथे दोन नवी संकुलं बांधली गेली. १६ सप्टेंबर २०२१ रोजी त्यांचं उद्घाटन झालं आणि सुमारे ७,००० अधिकारी-कर्मचारी तिकडे गेले. हलक्या पोलादी सांगाड्याचं तंत्र वापरल्यामुळे २४ महिन्यांचं काम १२ महिन्यांत झालं. बराकींची जमीन त्यानंतरच पुढच्या कामाला मोकळी झाली.

दुसरी सोंगटी म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्र. ते जनपथ हॉटेलच्या इमारतीत हलवलं आणि त्याच्या जागेवर पहिल्या तीन कर्तव्य भवनांचं काम सुरू झालं. ती उभी राहिली की शास्त्री, कृषी, उद्योग, निर्माण या भवनांतली काही खाती नव्या इमारतींत जाणार, उरलेली काही काळ भाड्याच्या जागेत बसणार, मग त्या जुन्या इमारती पाडून तिथे पुढची भवनं, अशी आखणी झाली. नॉर्थ आणि साउथ ब्लॉक पाडायचे नाहीत, तिथे 'युगे युगीन भारत' हे राष्ट्रीय संग्रहालय करायचं ठरलं आहे.

म्हणजे भाडं वाचवण्यासाठी काढलेल्या प्रकल्पात मधली काही वर्षं भाडं द्यावंच लागतं. तो खर्च पहिल्या अंदाजपत्रकात धरला आहे का, हे बघायला हवं. गावपातळीवर याच टप्प्यावर घोटाळा होतो. जुनी तहसील पाडतात, कार्यालयं 'तात्पुरती' कुठल्यातरी मंगल कार्यालयात किंवा बंद शाळेत जातात, निधी अडकतो, आणि ते तात्पुरतं पाच-सात वर्षं टिकतं. पाडायला हात लावण्याआधी पुढच्या बांधकामाची निविदा निघालेली असावी, हा साधा नियम पाळला तरी पुष्कळ त्रास वाचेल.

मंजुरीचे शब्द

शासन निर्णयांत काही शब्द पुन्हा पुन्हा येतात, ते कळले की आपल्या गावचं काम कुठे अडकलंय ते समजतं. प्रशासकीय मान्यता म्हणजे हे काम करायचं आणि एवढ्या रकमेपर्यंत करायचं, याला सरकारने दिलेला होकार. तांत्रिक मान्यता म्हणजे नकाशे, मोजमापं आणि दर तपासून सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सक्षम अभियंत्याने दिलेला शिक्का. या दोन्ही झाल्या, अर्थसंकल्पात तरतूद झाली, की निविदा आणि मग कार्यारंभ आदेश. पहिली मान्यता मिळाली की पुढारी नारळ फोडून मोकळे होतात, पण तिथून कार्यारंभ आदेशापर्यंत एक-दोन वर्षं सहज जातात. मध्ये दर वाढले, एखादा मजला वाढला, की 'सुधारित प्रशासकीय मान्यता'. हा शब्द दिसला की खर्च वाढला असं समजावं.

दिल्लीत बांधकामाचं काम केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आहे. पहिल्या तीन भवनांच्या निविदा ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडल्या, लार्सन अँड टुब्रोची सुमारे ३,१४२ कोटींची बोली सगळ्यात कमी ठरली. त्या रकमेत नुसतं बांधकाम नव्हतं, पुढच्या देखभालीचाही समावेश होता. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जो बांधतो त्यालाच पुढे गळती, लिफ्ट, वातानुकूलन सांभाळायचं असेल तर तो पाइप बसवतानाच विचार करतो. आपल्या कितीतरी सरकारी इमारतींत उद्घाटनाची कोनशिला चकचकीत आणि तिसऱ्या वर्षी स्वच्छतागृहाला कुलूप, कारण बांधायला पैसे होते, निगा राखायला नव्हते.

इमारतीच्या आकाराबद्दलही थोडं. खिडकीतून येणारा उजेड खिडकीच्या उंचीच्या दोन-अडीच पटीपर्यंतच नीट पोचतो. त्यापलीकडे दिवसाही दिवे लागतात. म्हणून मोठी इमारत एकसंध ठोकळ्यासारखी बांधली की मधल्या माणसांना कायम ट्यूबलाइटखाली बसावं लागतं. कर्तव्य भवनांच्या आराखड्यात मधोमध चौक ठेवला आहे, आपल्या वाड्यासारखा, त्यामुळे दोन्ही बाजूंनी उजेड येतो. उन्हाची धग आणि बाहेरचा आवाज अडवणाऱ्या काचा आणि छतावरची सौर पॅनेलं धरून विजेचा वापर ३० टक्के कमी होईल, असं सरकारने सांगितलं आहे.

सगळं एका ठिकाणी असण्याचा धोका

२१ जून २०१२ ची दुपार मुंबईकर विसरलेले नाहीत. मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली, ती पाचव्या-सहाव्यावर चढली, मुख्यमंत्री-उपमुख्यमंत्र्यांची दालनंही जळाली. पाच माणसांचा जीव गेला. १९५५ साली सुरू झालेली ती इमारत. आत मूळ नकाशाबाहेरची लाकडी पार्टिशन्स, फॉल्स सीलिंग, वायरींचं जाळं आणि नस्त्यांचे ढीग होते. त्यानंतर विभाग पुन्हा विखुरले. काही जवळच्या गोकुळदास तेजपाल (जी. टी.) रुग्णालयाच्या संकुलात गेले आणि पुढे कित्येक वर्षं सरकारी पत्रांवर तो पत्ता येत राहिला.

खाती एकत्र आणली की एका दुर्घटनेत नुकसानही एकदमच होतं. यावर उपाय दोन. एक बांधकामातला: मजल्यामजल्यात आग अडवणाऱ्या भिंती, धुरापासून बंद जिने, पाण्याचे फवारे, आणि मुख्य म्हणजे नंतर कुणी मनाने पार्टिशन ठोकणार नाही याची शिस्त. दुसरा कागदांचा: नस्तीची प्रत दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या शहरात असायला हवी. मंत्रालयात ई-ऑफिसचा जोर त्या आगीनंतरच वाढला.

मग फायली संगणकावर आल्यावर माणसं एकत्र बसवायची गरज उरते का? टिपणी पाठवायला नाही उरत. पण सहा खात्यांचं अडलेलं काम सोडवायला समोरासमोर बसावं लागतं, आणि आत्याच्या हातातला कागद अजून संगणकात नसतो.

महाराष्ट्राने अलीकडे वेगळी वाट धरली: नवं बांधण्यापेक्षा तयार इमारत घ्यायची. नरिमन पॉइंटची तेवीस मजली एअर इंडिया इमारत राज्याला १,६०१ कोटींना देण्यास केंद्राने मार्च २०२४ मध्ये मंजुरी दिली. क्षेत्रफळ ४६,४७० चौरस मीटर, म्हणजे चौरस फुटाला साधारण ३२,००० रुपये. मंत्रालयापासून पायी अंतरावर एवढी जागा दुसरी मिळाली नसती आणि बांधायची वर्षं वाचली. पण ती १९७४ साली विमान कंपनीच्या मुख्यालयासाठी बांधलेली इमारत आहे. आतली मांडणी, वायरिंग, अग्निसुरक्षा नव्याने करावी लागणार, हा खर्च किमतीबाहेरचा.

तुमच्या गावात उद्या 'मध्यवर्ती प्रशासकीय इमारती'चा नकाशा लागला तर दर्शनी भागाचं रंगीत चित्र सोडून तळमजला बघा. मोठ्या साहेबांचं दालन, पोर्च आणि गाड्यांची जागा यांनी तो भरलाय, की दुय्यम निबंधक, भूमी अभिलेख, पुरवठा, सेतू यांच्या खिडक्या तिथे आहेत? बसायला बाक, पिण्याचं पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह पहिल्याच दाराजवळ आहे का? पायऱ्यांशेजारी उतार आहे का? रोज शेकडो माणसं ज्या कामाला येतात ती कार्यालयं खाली आणि ज्यांच्याकडे बाहेरचं कुणी फारसं येत नाही ती वर, एवढी उलथापालथ कागदावर असताना पेन्सिलीने होते. स्लॅब पडल्यावर होत नाही.

आत्याची नोंद शेवटी झाली. तालुक्याला नवी इमारत मंजूर झाल्याचा फलक त्यानंतर लागला. भूमी अभिलेख त्यात पहिल्या मजल्यावर दाखवलंय. लिफ्टसाठी चौकोन काढलेला आहे. ती बसवण्याची तरतूद त्याच अंदाजपत्रकात आहे का, हे विचारायला मी पुढच्या आठवड्यात बांधकाम उपविभागात जाणार आहे. ते कार्यालय अजून स्टँडपलीकडे, भाड्याच्या जागेत आहे.